मदत हवी आहे : जुनं घर पाडायचं, शेजारी अडवून राह्यला

पऱ्हाटी_वाला
आजोबाचं धाब्याचं घर पाडायचं हाय. घरकुलाचा पहिला हप्ता आला. गुरुवारी जेसीबी येते, अन् शेजारी म्हणते हात लावून दाखव. पोलिसात जाऊ का? लवकर सांगा.

तुरीचं_बेसन
तो काऊन अडवते ते तं सांगा. जागा गावठाणात हाय का?

पऱ्हाटी_वाला
गावठाणातच, दारव्हा तालुका. घर आमचंच हाय, कराची पावती हाय ना.

निवृत्त_बाबू
पावतीनं मालकी सिद्ध होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) नाव कोणाचं? अजून आजोबांचंच असेल तर काका-आत्यांची लेखी संमती आधी घ्या.

न्याय_पाहिजे
सुप्रीम कोर्टाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल वाचा. 15 दिवसांच्या नोटिशीशिवाय कोणाचंही घर पाडता येत नाही!

तुरीचं_बेसन
भाऊ, तो निकाल सरकारी बुलडोझरचा. हा माणूस सोताचंच घर पाडून राह्यला. @पऱ्हाटी_वाला मधली भिंत कोणाची?

पऱ्हाटी_वाला
दोघाईची एकच. त्याच्या छताच्या नाटा (लाकडी तुळया) तिच्यातच टेकल्या हायेत. पण भिंत आमच्या आजोबानं बांधली.

तुरीचं_बेसन
हे आता सांगता राजेहो! त्याच्या घरात लोकं झोपतात का नाही?

मिस्त्री_भाऊ
जेसीबी नकोच. आधी लाइटचं मीटर काढून घ्या. मंग धाब्याची माती खाली घ्या, नाटा सोडवा, अन् भिंती वरून खाली, हातानं. खालून बकेट मारली की मातीची भिंत कुठं पडन याचा नेम नाही. मधल्या भिंतीले हातच लावू नका. तुमची नवी भिंत अलग उभी करा.

वाडा_नं_१
काही नाही होत. आमचा वाडा जेसीबीनं दुपारपर्यंत सपाट.

मिस्त्री_भाऊ
तुमच्या वाड्याले चारही बाजूनं आंगण असन.

वाडा_नं_१
…हो, होतं.

गुप्त_खजिना
पाया खोदताना लक्ष ठेवा, जुन्या घरात हंडा निघते.

निवृत्त_बाबू
निघाला तर कलेक्टरला कळवावं लागतं. 1878 चा कायदा आहे, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही निघालं तरी.

पऱ्हाटी_वाला
हंडा जाऊ द्या. जेसीबीवाल्याले इसार देल्ला, तो वापस देत नाही म्हणते.

मिस्त्री_भाऊ
पाडणं झालं की माती भराले बोलवा त्याले. पांढरी माती वावरात टाकली तं खतावाणी चालते.

पऱ्हाटी_वाला
विकली तं ट्रॉलीमागं काय भाव भेटते?