मदत हवी आहे : टॉम विल्स यांची खेळाडू म्हणून कारकीर्द कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या, चेंडू हातांनी आणि पायांनीही खेळण्याच्या खेळाच्या आरंभकाळातील खेळाडू टॉम विल्स (१८३५–१८८०) यांच्यावर मी मराठीत एक चरित्रात्मक लेख लिहीत असून, त्यातील एका भागासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

विल्स यांचे संस्थापक म्हणून असलेले स्थान मांडणे अवघड नाही. इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून १८५६ मध्ये परतल्यावर, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढावा, असे पत्र त्यांनी जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या वृत्तपत्रात लिहिले आणि १७ मे १८५९ रोजी पहिले दहा नियम ठरवणाऱ्यांतही ते होते. प्रश्न आहे तो प्रत्यक्ष मैदानावरील विल्स यांचा.

त्या नियमांत गोलच्या दोन्ही खांबांमधील अंतर कर्णधारांनी आपसांत ठरवायचे होते. पायाने उडवलेला चेंडू झेलला किंवा टप्प्यावरून उसळताना पकडला तरच तो हातात घेता येई, जमिनीवरून उचलण्यास मात्र सक्त मनाई होती. संघात किती खेळाडू असावेत याविषयी तर नियमांत अवाक्षरही नाही! गोलाला ६ आणि बिहाइंडला (चेंडू गोलखांब व त्याच्या बाजूचा खांब यांमधून गेल्यास) १ गुण ही आजची पद्धत पुढे १८९७ मध्ये आली. अशा काळातील खेळाडूची थोरवी आकड्यांत मोजणे मला मुळातच गैर वाटते. मग मेलबर्न आणि जिलाँग या दोन्ही क्लबांकडून खेळलेल्या विल्स यांच्या कौशल्याचे आणि नेतृत्वाचे मूल्यमापन समकालीन वार्तांकनावरूनच करावे काय?

त्यांच्या खेळात खंडही पडला. १८६१ मध्ये ते वडिलांसमवेत क्वीन्सलंडला गेले आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला कलिन-ला-रिंगो येथे आदिवासींच्या हल्ल्यात वडिलांसह १९ जण मारले गेले; सामान आणण्यास गेल्यामुळे विल्स वाचले. तरीही १८६६ मध्ये आदिवासी क्रिकेट संघाला त्यांनीच प्रशिक्षण दिले. हा भाग गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्याला किती जागा द्यावी, म्हणजे लेखाचा तोल फुटबॉलवरून ढळणार नाही?

शिवाय, बालपणी आदिवासी मुलांत वाढलेल्या विल्स यांनी आदिवासींच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळातून प्रेरणा घेतली, हे मत वादग्रस्त आहे. समकालीन पुराव्याअभावी ते मूळ कथनात न घेता स्वतंत्र परिच्छेदात नोंदवण्याचा माझा विचार आहे. कोणाचा आक्षेप असल्यास सकारण कळवावा.

ऑस्ट्रेलियातील जुनी वृत्तपत्रे चाळण्याचा अनुभव असलेल्या सभासदांनी, १८६० च्या दशकातील सामन्यांची वर्णने शोधताना, विशेषतः 'जिलाँग ॲडव्हर्टायझर'च्या अंकांत, कोणते शोधशब्द वापरावेत तेही सुचवावे, ही विनंती.