पाळणाघरासाठी ५० बायका लागत नाहीत

'आमच्याकडे बायकाच वीस-बावीस, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या बाळांसाठी पाळणाघर ठेवायचा नियम लागू होत नाही' असं काही ऑफिसांत सांगतात, ते चूक आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीतली, पाळणाघर सक्तीचं करणारी ५० ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची आहे, पुरुष धरून. शिवाय आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा आहे. मलाही ऑफिसात हेच कारण सांगितलं होतं आणि मी ते निमूट ऐकून घेतलं. लेक सात महिन्यांची, सासूबाईंचे गुडघे दुखायचे, तरी दिवसभर त्याच सांभाळायच्या. मी दुपारी बाथरूममध्ये दूध काढून टाकून द्यायचे. त्याचं अजून वाईट वाटतं.

त्या दुरुस्तीनुसार नेमणुकीच्या वेळीच हे हक्क लेखी कळवायचे होते. तुम्हाला तसं काही मिळालं होतं का, ते आधी बघा. नसेल तर पन्नासच्या हिशोबासकट लेखी अर्ज द्या, तोंडी नको.