गोळी स्वतःहून बंद करू नका

वर एका ताईंनी विचारलंय की भाऊ ट्रामाडॉलच्या (दुखणं कमी करणाऱ्या, पण सवय लागणाऱ्या) गोळ्यांच्या नादातून सुटून आता बुप्रेनॉर्फिनवर (असलं व्यसन सोडवायला देतात ती गोळी) आहे, हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, तर गोळी आधी बंद करावी का. ताई, स्वतःहून अजिबात बंद करू नका ओ. मी बेळगावात नर्स आहे, खानापूरकडचा एक पोरगा असाच बंद करून आलेला, दुसऱ्या रात्री घामानं चादर ओली, सारख्या जांभया, नाकातून पाणी, आणि सगळे म्हणायला लागले इंजेक्शनसाठी नाटक करतोय, नाटक कसलं, विड्रॉल होता तो, म्हणजे गोळी एकदम सुटल्यानं शरीराला होणारा त्रास, वर टाक्यांचं दुखणं. आता सल्ला असा की गोळी चालूच ठेवायची, रोजचा डोस डॉक्टरांनी 6-8 तासांनी विभागून दिला तर दुखण्यालाही उपयोग होतो, जोडीला पॅरासिटामॉल, किडनी-पोट ठीक असेल तर डायक्लोफिनॅक, आणि भूलवाल्या डॉक्टरांना नर्व्ह ब्लॉकचं (तेवढाच भाग बधिर करायचं इंजेक्शन) आधीच विचारा. नाल्ट्रेक्सोनची गोळी (व्यसन परत लागू नये म्हणून देतात, मॉर्फिनसारख्या औषधांचा परिणाम अडवते) असेल तर मात्र उलटं, ती डॉक्टर साधारण 72 तास आधी थांबवतात, नाहीतर मॉर्फिन नीट लागू पडत नाही. भूल तपासणीला जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, भावाला म्हणावं लाजून काही लपवू नको.