घर रोज स्वच्छ असूनही सकाळच्या शिंका थांबत नाहीत : एअर प्युरिफायर घ्यावा का?

प्रश्न : खिडकीबंद

नमस्कार. आमच्या घरी रोज सकाळी झाडूने केर काढला जातो, दिवसातून दोनदा सुगंधी जंतुनाशक घालून फरशी पुसली जाते आणि जळमटेही नियमितपणे काढली जातात. तरीही घरातील दोघांना उठल्याउठल्या शिंका सुरू होतात, नाक चोंदते, आणि घराबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने हा त्रास आपोआप कमी होतो. घर वाहत्या रस्त्याला लागून असल्यामुळे खिडक्या बहुतेक वेळ बंद ठेवतो आणि रात्री एसी चालू असतो. झोपण्याच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेले लाकडी कपाट आहे, त्यातून कुबट वास येतो. त्यासाठी कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत आणि खोलीत अधूनमधून सुगंधी फवारा मारला जातो.

आता एअर प्युरिफायर घ्यावा, असा विचार घरात चालू आहे. काही जण हवा शुद्ध करणारी झाडे ठेवायला सुचवतात, तर काही जणांच्या मते अधिक तीव्र जंतुनाशक वापरायला हवे. यांपैकी कोणत्या उपायाने खरोखर फरक पडेल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : धूळपाटी

तुमच्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचे हे वाटते की त्रास उठल्याउठल्या होतो आणि बाहेर पडल्यावर ओसरतो. याचा अर्थ शोध फरशीपासून नव्हे, तर अंथरुणापासून सुरू करायला हवा. गाद्या, उशा आणि पांघरुणे यांत डस्ट माइट नावाचे अगदी बारीक किडे राहतात. ते जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे असतात, आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि लागणारा ओलावा थेट हवेतून शोषून घेतात. म्हणूनच दमट घरात त्यांचे फावते, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिली की त्यांची संख्या घटू लागते. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे, त्यामुळे किडे मेले तरी त्यांनी मागे ठेवलेला ऐवज गादीत तसाच राहतो आणि तो धुऊन काढावाच लागतो.

येथे कणांच्या आकाराचा प्रश्न येतो. या विष्ठेचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेत तरंगण्याच्या दृष्टीने बरेच जड असतात. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण दीड मीटर उंचीवरून सुमारे आठ मिनिटांत खाली बसतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला जवळजवळ बारा तास लागतात. डस्ट माइटची ॲलर्जी असलेला माणूस रात्रभर उशीत नाक खुपसून झोपतो, कूस बदलताना उडालेले कण त्याच्या श्वासात जातात आणि उरलेले लगेच पुन्हा गादीवर बसतात. खोलीच्या कोपऱ्यातील यंत्रापर्यंत ते पोहोचतच नाहीत. केवळ यासाठी प्युरिफायर घेणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होईल.

त्याऐवजी अभ्रे, चादरी आणि पांघरुणे दर आठवड्याला सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावीत. साध्या गार पाण्याने ॲलर्जी आणणारी प्रथिने बरीचशी धुऊन जातात, परंतु किडे मात्र मोठ्या संख्येने वाचतात. गादी आणि उशी यांना घट्ट विणीची, चेन असलेली बंद खोळ घालावी. पलंगाखालच्या जुन्या गाठोड्यांना आणि जाड गालिच्याला झोपण्याच्या खोलीतून रजा दिली तर उत्तमच.

केर काढण्याविषयीही थोडे लिहितो. कोरड्या झाडूने केस, खडे, कपट्यांसारखा जाड केर गोळा होतो, पण बारीक धूळ हवेत उडते आणि वर सांगितल्याप्रमाणे ती तासन्‌तास खाली येत नाही. सकाळच्या उन्हाची तिरीप खोलीत येत असेल तर झाडू फिरल्यानंतर त्या पट्ट्यात काय दिसते ते एकदा पाहा. पंख्याची पाती, कपाटाचा माथा आणि खिडकीच्या चौकटी ओलसर फडक्याने पुसाव्यात, मग खाली यावे आणि शेवटी फरशी घ्यावी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याला हेपा फिल्टर, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारी गाळणी, आहे का आणि सांध्यांतून हवा गळत नाही ना, हे तपासावे. अन्यथा ते यंत्र पुढून धूळ ओढते आणि मागून तिच्यातले बारीक कण पुन्हा हवेत सोडते. ज्यांना त्रास होतो, त्यांनी हे काम चालू असताना त्या खोलीत थांबू नये.

प्रतिसाद : कोरडी भिंत

धूळपाटी यांच्याशी सहमत आहे, परंतु कपाटाचा कुबट वास हा वेगळा आणि तितकाच गंभीर मुद्दा आहे. हा वास बहुधा बुरशीचा आहे, आणि त्यावर सुगंध मारणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबण्यासारखे आहे. बुरशीचे बीजकण सर्वत्र असतातच. ते घरात येऊ न देणे कोणालाही शक्य नाही. आपल्या हातात असते ते पाणी. भिंत, लाकूड किंवा कापड भिजल्यानंतर २४ ते ४८ तासांत वाळले तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही.

प्रथम ओल कोठून येते ते ठरवा. कपाट पुढे ओढून मागची भिंत पुसून कोरडी करा आणि तेथे जाड प्लॅस्टिकचा वहीच्या पानाएवढा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावा. एक-दोन दिवसांनी पाहा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले असतील तर ओल भिंतीतूनच येत आहे. म्हणजे बाहेरची भेग, गळका नळ किंवा पावसाचे झिरपणे शोधून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नाही. थेंब खोलीकडील बाजूस असतील तर खोलीतील हवेची वाफ थंड भिंतीवर जमत आहे. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतील वाफ सुमारे १७ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसू लागते, आणि कपाटामागे हवा खेळत नसल्यामुळे ते पाणी वाळतही नाही.

दुसरा प्रकार असल्यास कपाट भिंतीपासून चार बोटे तरी पुढे ठेवावे, ते शक्यतो आतल्या भिंतीशी न्यावे, त्यात कपडे खच्चून भरू नयेत आणि किंचितही दमट कपडा आत जाऊ देऊ नये. खोलीत ओले कपडे वाळत घालणे बंद करावे, कारण धुतलेल्या कपड्यांतले लिटरभराहून अधिक पाणी शेवटी त्याच हवेत जाते. स्नानगृहाचा एक्झॉस्ट फॅन स्नान आटोपल्यानंतरही काही काळ चालू ठेवावा. एक साधा आर्द्रतामापक घेऊन तो खोलीच्या मध्यभागी नव्हे, तर कपाटाजवळ ठेवावा. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर इतर उपाय वरवरचे ठरतील.

दिसणारी बुरशी टणक पृष्ठभागावर असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासून काढावी आणि जागा पूर्ण वाळवावी. ती कोरडी असताना झटकू नये. बुरशी साधारण एक चौरस मीटरहून अधिक पसरली असेल, तर ते काम जाणकार माणसाकडे सोपवणे शहाणपणाचे. डांबराच्या गोळ्याही काढून टाकाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांतील नॅफ्थॅलीन घन अवस्थेतून थेट वायू होऊन हवेत पसरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे, आणि जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात.

प्रतिसाद : साधा साबण

‘अधिक तीव्र जंतुनाशक’ या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या घरात नाक चोंदते, तेथे फरशीवर दिवसातून दोनदा उग्र वासाचा द्रव ओतणे हे कारणांच्या यादीत येते, उपायांच्या नव्हे. स्वच्छतेला वास नसतो. जो येतो तो बाटलीतील रसायनांचा. लिंबू किंवा पाइन यांच्या वासासाठी वापरली जाणारी लिमोनीन, पायनीन यांसारखी द्रव्ये हवेतील ओझोनशी संयोग पावली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. सुगंधी फवाऱ्याच्या बाबतीतही हेच घडते, म्हणून तो मी सर्वांत आधी बंद केला असता.

रोजच्या फरशीसाठी साधे पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरेसा असतो. मात्र बादलीतील पाणी गढूळ झाले की बदलले पाहिजे, नाहीतर एका खोलीतील मळ दुसऱ्या खोलीत पातळ करून पसरवला जातो. निर्जंतुकीकरण घरात कोणी आजारी असताना, शौचालयात किंवा कच्चे मांस हाताळलेल्या ओट्यावर करावे. तेव्हाही आधी मळ धुऊन काढावा आणि नंतर औषध लावून बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा. फवारले आणि लगेच पुसले, याने फारसे काही साधत नाही.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव मिसळला तर क्लोरामाइन वायू तयार होतात. बंद स्नानगृहात दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. आता जाता जाता : व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून होणाऱ्या फेसाचे फार कौतुक केले जाते, पण ते दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरते. संगमरवरावर तर व्हिनेगर कधीच वापरू नये.

खिडक्यांबाबत माझे मत असे की त्या दिवसभर बंद ठेवणे योग्य नाही. भिंतीवरचा नेहमीचा एसी खोलीतील तीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १००० भागांच्या वर जाऊ नये, असा निकष मांडला होता. बाहेरच्या हवेत आज तो सुमारे ४२० आहे. दोन माणसे झोपलेल्या घट्ट बंद खोलीत पहाटेपर्यंत हा आकडा २००० च्या पुढे गेला तर नवल नाही. रहदारी सर्वांत कमी असेल अशा वेळी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी आणि समोरासमोरचे दार दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावे. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट आधी सुरू करावा, कारण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड आणि तापलेल्या तेलातून सूक्ष्म कण बाहेर पडतात. डास पळवण्याची कॉइल जाळत असाल तर जाळीचा पर्याय निवडावा : २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या पीएम २.५ कणांचे (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचे) वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते.

खिडकीबंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लॅस्टिकचा तुकडा आजच लावतो, आणि गोळ्या व फवारा दोन्ही बंद करतो. एक शंका उरते : रस्त्यावरच्या धुरासाठी तरी प्युरिफायरचा उपयोग आहे ना? असल्यास तो निवडताना काय पाहावे? आणि झाडांचे काय?

प्रतिसाद : गाळणी

धुरासाठी उपयोग निश्चित आहे, कारण तेथे कण अतिसूक्ष्म असतात आणि हवेत टिकून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि वाहत्या रस्त्याकाठच्या घरात ती पाळणे केवळ खिडक्या लावून शक्य नाही.

निवडताना जाहिरातीतील चौरस फूट न पाहता सीएडीआर हा आकडा पाहावा; यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते त्यावरून कळते. खोली ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर तिच्यात ४२ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले तर सीएडीआर २१० हवा. तथापि हा आकडा बहुधा सर्वाधिक वेगावरचा असतो, आणि त्या वेगाचा आवाज झोपेत कोणी सहन करत नाही. त्यामुळे थोडे मोठे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे बरे. फिल्टर हेपा प्रतीचा असावा, आणि नव्या फिल्टरचा खर्च व उपलब्धता यंत्र घेण्यापूर्वीच विचारून घ्यावी. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारी यंत्रे मात्र घरात आणूच नयेत. ओझोन स्वतःच फुप्फुसांना इजा करतो. वायू आणि वास यांवर हेपाचा काही उपाय चालत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा चांगला जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो नावापुरताच असतो.

झाडे शोभेसाठी अवश्य ठेवावीत. त्यांच्या कीर्तीचा उगम नासाच्या १९८९ सालच्या अहवालात आहे, पण ते प्रयोग लहानशा हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा इमारतीतील नेहमीच्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील, असे उत्तर आले. शिवाय कुंड्यांतील ओली माती तुमच्या खोलीतील आर्द्रता वाढवेल ती वेगळीच, तेव्हा झोपण्याच्या खोलीत तरी तूर्त त्या नकोत.

प्रतिसाद : धूळपाटी

गाळणी यांच्या प्रतिसादात एकच भर घालतो. मोठा खर्च करण्यापूर्वी त्रास होणाऱ्या दोघांनी डॉक्टरांकडून ॲलर्जीची त्वचाचाचणी करून घ्यावी. डस्ट माइट, बुरशी, परागकण की पाळीव प्राणी, हे तीतून बऱ्याच अंशी कळते. त्या चाचणीच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, म्हणून वेळ ठरवतानाच कोणती औषधे चालू आहेत ते डॉक्टरांना सांगावे. दम लागणे किंवा छातीत घरघर होणे असा त्रास असेल, तर मात्र कपाट आणि गादी यांची कामे उरकेपर्यंत न थांबता आधी त्यांनाच गाठावे.