मदत हवी आहे: घोड्याच्या मागच्या पायांची सूज उतरत नाही, पावसात पट्टी कशी बांधायची?

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूला आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे. तिथं एक थोराड देशी घोडा आहे, पूर्वी मिरजेकडे टांग्याला जुंपलेला. मामांनी टांगा बंद केला तेव्हा तो आमच्याकडे आला.

त्याचे दोन्ही मागचे पाय खुरापासून मधल्या सांध्यापर्यंत सुजलेत. आधी सकाळी सूज दिसायची आणि फिरवून आणलं की उतरायची. आता कितीही फिरवा, तशीच. पूर्वी बोटानं दाबलं की खळगा पडायचा, आता कातडं टणक लागतं. खुराच्या वर मागच्या बाजूला आडव्या वळ्या पडल्यात. वळी उघडून पाहिली तर आत ओल, पिवळट खपल्या आणि कुजकट वास. रात्री पाय आपटत राहतो. ताप नाही, चारा नीट खातो, लंगडत नाही.

नेटवर शोधलं तर शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन अशा अवजड ओढीच्या घोड्यांचा एक आजार सापडला. अंगातलं लसीका द्रव, म्हणजे पेशींभोवती जमणारं पाणी, वर खेचणाऱ्या वाहिन्याच नीट चालत नाहीत, तरुणपणीच सुरुवात होते, पुढे गाठी येतात, आणि बरा होत नाही, फक्त आटोक्यात राहतो. लक्षणं हुबेहूब जुळतात. पण आमच्या घोड्याच्या पायांना त्यांच्यासारखे झुपकेदार केस नाहीत आणि जातही ती नाही. शेजारचे काका 'हत्तीरोग' म्हणून मोकळे झाले. माणसाच्या हत्तीरोगाचा जंतू घोड्यात वाढत नाही हे त्यांना सांगून दमलो.

सगळीकडे लिहिलंय की दाबपट्टी बांधा. पण इथं जूनपासून चवथीपर्यंत हवेतच पाणी असतं. पट्टीखाली कातडं कुजणार नाही का? कुणी कोकणात, गोव्यात हे केलंय का?

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

भाऊ, पट्टीचं नंतर. आधी रक्त तपासायला द्या. देशी घोड्याचा मागचा पाय असा सुजला की ग्लँडर्स (घोड्यांचा जंतूंमुळे पसरणारा रोग) नाही ना, हे पाहावंच लागतं. त्यात पायावर वाहिनीच्या रेषेत गाठी येतात, फुटतात, मधासारखा चिकट पू येतो. तो माणसालाही होतो. तोवर हातमोजे घाला, पाण्याची बादली वेगळी ठेवा. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवू शकतात. हा आजार कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून घाबरून लपवू नका.

तो नाही असं ठरलं तर पाय आपटणं बघा. वळ्यांत बारीक किडे असतील. ते कातडीवरच्या कोंड्यावर जगतात, त्यामुळे तोंडातून दिलेल्या आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचा पुरता उपयोग होत नाही. डॉक्टरांकडून वरून लावायचं औषध घ्या. वळ्यांतले केस बारीक कापा म्हणजे औषध आत पोचेल. रोज पाइपचं पाणी मारू नका. धुतलंच तर घडी उघडून कोरडं पुसा, आणि खोबरेल चोपडू नका, ओल आत कोंडते.

पट्टी थोडं ताणणारी हवी, फार ताणणारं इलॅस्टिक नको. खाली कापसाचा जाड थर, खुराकडून वर, सगळीकडे सारखा दाब. ओल्या पायावर कधीच नाही. जखम वाहत असेल तर आधी ती सुकू द्या. आणि चालवणं सोडू नका, वाहिन्यांतलं द्रव त्यानंच पुढे सरकतं. लघवी वाढवणारी गोळी कुणी सुचवली तर डॉक्टरांना विचारा. या सुजेवर ती कामाची नसते.

मूळ लेखक

आभारी आहे, दादा. हातमोजे आजच आणतो आणि डॉक्टरांना फोन करतो. गाठी अजून फुटलेल्या नाहीत, पण डाव्या पायावर आतल्या बाजूला एका रेषेत तीन हाताला लागतात, ते त्यांना दाखवतो. केस कापायला आवाज न करणारं मशीन कुठलं घ्यावं? आमचा मेंढ्यांच्या कातरीलाही बिचकतो.