मदत हवी आहे: ७२ वर्षांच्या आईला ईसीटी (शॉक ट्रीटमेंट) सांगितली आहे, गुरुवारपर्यंत सही द्यायची आहे

भांडुपची_लेक

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. लांबलंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

आई ७२ वर्षांची. पालिकेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. आधी खूप रडायची, मग रडणंही थांबलं. रात्री तीनला उठून पलंगाच्या कडेला बसते आणि उजाडेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. चार महिन्यांत वजन ५६ वरून ४४ किलोवर आलंय. गेले तीन आठवडे तिच्या मनाने घेतलंय की पेन्शन बंद झाली, घरात पैसा उरला नाही आणि तिच्यापायी आम्ही रस्त्यावर येणार. मी पासबुक भरून आणलं. तिने आकड्यावर बोट ठेवून तो बरोबर वाचला आणि म्हणाली, "माझ्या समाधानासाठी छापून आणलंस." परवा पिठाच्या डब्यात हात घातला तर तळाशी रुमालात बांधलेल्या तिच्या पाटल्या. माझ्या मुलाची फी भरायला विकण्यासाठी काढून ठेवलेल्या.

नैराश्यासाठी औषधं झाली. एस्सिटालोप्रामने रक्तातलं सोडियम इतकं उतरलं की चार दिवस ॲडमिट करावं लागलं. म्हाताऱ्या माणसांत असं होऊ शकतं, सुरुवातीला सोडियम तपासत राहायचं असतं, हे आम्हाला गोळी लिहून देताना कुणी सांगितलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही. पुढे डॉक्टर बदलले. मिर्टाझापिन झालं, त्याच्या जोडीला ओलान्झापिनचा लहान डोस झाला. काही फरक नाही. आता पाण्याचा पेला समोर धरला तरी ओठ मिटून घेते.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, आणखी थांबण्यात धोका आहे, ईसीटी करू. आठवड्यातून दोनदा, साधारण सहा ते बारा वेळा. आईला विचारलं तर ती "माझ्यावर पैसे घालवू नका" एवढंच म्हणते, त्यामुळे तिची प्रतिनिधी म्हणून सही माझी.

माझी भीती आता नीट सांगते. आईचा एमआरआय झालाय. त्यात लिहिलंय की वयोमानाप्रमाणे मेंदू थोडा आकसला आहे आणि बारीक रक्तवाहिन्यांमुळे आतल्या भागात पांढरे डाग आहेत. तिला वीस वर्षं बीपी आहे. आधीच आकसलेल्या मेंदूतून करंट सोडायचा, हा विचार मला झोपू देत नाही. आईला १९८७ सालच्या चौथीच्या वर्गाची हजेरी अजून पाठ आहे, पहिल्या नंबरापासून बावन्नाव्यापर्यंत. मागच्या दिवाळीत नातवाला म्हणून दाखवली होती. ती हजेरी गेली तर आई बरी झाली असं मी कुणाला सांगू?

चिपळूणचे मामा रोज फोन करतात. त्यांनी तरुणपणी कुणाला तरी चौघांनी धरून शॉक देताना पाहिलंय. "बहिणीला शॉक देऊ देणार नाही" म्हणतात, आणि त्यांचं प्रेम मला कळतं.

घरातल्या वयस्कर माणसाची ईसीटी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांनी लिहा. वाईट अनुभव असेल तर तोही लिहा. या वयाच्या मेंदूचं त्याने नक्की काय होतं, हे कुणी साध्या भाषेत सांगू शकेल का?

गोरेगावकर_७१

ताई, माझ्या वडिलांची ७६ व्या वर्षी झाली, एकूण नऊ वेळा. जे झालं ते सांगतो. प्रत्येक वेळी शुद्धीवर आल्यावर तासभर गोंधळलेले असायचे. "आपण कुठे आहोत" हे एका सकाळी सात वेळा विचारलं. चौथ्यानंतर जेवणाचं ताट स्वतः ओढून घेतलं. सहाव्यानंतर दाढी केली.

गेलं तेही सांगतो. दादरला पुतणीचं लग्न झालं होतं, उपचाराच्या महिनाभर आधी. ते लग्न त्यांच्या आठवणीत नाही. फोटोत स्वतःला बघतात आणि गप्प होतात. उपचार चालू होते ते आठवडेही पुसट आहेत. पण १९६०-७० मधलं गिरणगाव, कोण कुठल्या खात्यात होतं, साच्यावर कोण होतं, सगळं शाबूत.

आमची चूक एकच झाली. बरे झाले म्हणून आम्ही निर्धास्त झालो, गोळ्या ढिल्या पडल्या आणि पाच महिन्यांनी परत तेच. आता गोळ्या वेळेवर आणि महिन्यातून एकदा ईसीटी. हे आधीच विचारून ठेवा.

मनोविकार_दादर

मी सायकिॲट्रिस्ट आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे सही करा किंवा करू नका असं मी म्हणणार नाही. पण मेंदूबद्दल विचारलंत ते सांगू शकतो.

ईसीटीच्या आधी आणि नंतर एमआरआय काढून खूप ठिकाणी तुलना झाली आहे. मेंदू आकसल्याचं दिसत नाही. उलट हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, आणि त्याच्या शेजारचा अमिग्डाला यांचं आकारमान थोडं वाढलेलं दिसतं. वयस्करांमध्येही दिसतं. काही महिन्यांत ही वाढ बरीचशी ओसरते. यावर लगेच खूश होऊ नका, कारण ज्याची वाढ जास्त तो जास्त बरा, असा सरळ हिशेब जुळलेला नाही. काही अभ्यासांत तर जास्त वाढ आणि तात्पुरता विसराळूपणा एकत्र दिसले आहेत. पेशींना इजा झाली की रक्तात जी प्रथिनं वाढतात तीही मोजली गेली, ती वाढलेली आढळली नाहीत. डेन्मार्कमध्ये दीड लाखाहून जास्त पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१८ चा. ईसीटी घेतलेल्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण वाढलेलं नव्हतं.

पांढरे डाग बीपीच्या पेशंटमध्ये या वयात नेहमी दिसतात. त्यांच्यामुळे ईसीटी बाद होत नाही, मात्र नंतरचा गोंधळ जास्त वेळ टिकू शकतो. मेंदूत मोठी गाठ, ताजा पक्षाघात किंवा नुकताच हार्ट ॲटॅक असेल तर गोष्ट वेगळी.

उपयोगाचं विचाराल, तर अमेरिकेत साठीच्या पुढच्या २४० जणांवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. सुमारे ६२ टक्के लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, सरासरी सात-साडेसात वेळांत. दहा टक्क्यांना गुण आला नाही, बाकीचे मध्येच गळाले. पैसे संपल्याचा जो पक्का भ्रम तुम्ही लिहिला आहे, तसा भ्रम असलेल्या नैराश्यात ईसीटी जास्त चांगली लागू पडते. जिवाचा धोका म्हणाल तर लाखभर वेळा दिली तर साधारण दोन.

डॉक्टरांना एक जरूर विचारा: इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना लावणार की फक्त उजवीकडे, आणि पल्स, म्हणजे करंटचा एकेक ठोका, किती लहान? उजव्या बाजूची, लहान पल्सची ईसीटी आठवणींना कमी धक्का लावते. वेळा थोड्या जास्त लागू शकतात. आईंची प्रकृती फार ढासळली असेल तर डॉक्टर लवकर गुण यावा म्हणून दोन्ही बाजू निवडतील, आणि त्यालाही कारण आहे. तुमची हजेरीची गोष्ट त्यांना सांगा. असं काही कळलं की ठरवताना आम्हाला उपयोग होतो.

जुनी_सिस्टर

मामांना सोबत घेऊन जा गं. त्यांनी पाहिलं ते खरंच असणार. पूर्वी बिनभुलीचं चालायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे.

आता कसं असतं सांगते. सुईतून भूल, मग अंग सैल करायचं औषध, तोंडात रबर, नाकातोंडावर ऑक्सिजन. एका घोट्याला बीपीचा पट्टा आधीच आवळतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. करंटने झटका, म्हणजे फिट, आला की तेवढा एक पंजा थरथरतो, बाकी अंग शांत. ते पाऊल बघून आणि मेंदूचा आलेख बघून आम्ही सेकंद मोजायचो. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत संपतं.

रात्रीपासून उपाशी. बीपीची गोळी कधी द्यायची ते भूलतज्ज्ञांना विचार, बहुधा घोटभर पाण्यासोबत सकाळीच देतात. कवळी असेल तर काढून डबीत ठेव, हलता दात असेल तर आधी सांग. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांग, काही गोळ्यांनी झटका नीट येत नाही. शुद्धीवर येताना चष्मा लगेच लाव आणि स्वतः समोर उभी राहा. ओळखीचा चेहरा दिसला की म्हातारी माणसं कमी घाबरतात.

भांडुपची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी सही केली. आज दुसरी झाली, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांना हजेरीचं सांगितलं. त्यांनी फाईलवर लिहून घेतलं आणि उजव्या बाजूने सुरू केलं. मामा पहाटेच्या गाडीने आले. दाराबाहेर उभे होते. आईला बाहेर आणलं तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, "एवढ्यात?" मग तिचे पाय चोळत बसले. आज फोनवर मामींना स्वतःच सगळं समजावून सांगत होते, पंजा हलतो तेसुद्धा.

आई दोन्ही दिवस तास-दीड तास गोंधळलेली होती. मला एकदा माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, तेव्हा पोटात खड्डा पडला. दुपारपर्यंत ओळखायला लागली. आज मऊ भात अर्धी वाटी खाल्ला, पाणी मागून घेतलं. पैशांचं अजून तेच म्हणते. हजेरी मी विचारलेली नाही. धीर होत नाही.

गोरेगावकरदादा, पुढे महिन्यातून एकदावर आल्यावर तुम्ही ते कसं जमवता? सोबतीला कोण असतं, आणि दुसऱ्या दिवशी वडील घरी एकटे राहू शकतात का? मला दर वेळी दोन दिवस रजा मिळणार नाही, म्हणून आत्तापासून सोय बघतेय.