कोबुर्गच्या मानचिन्हात आफ्रिकी माणसाचं डोकं कसं?

भटकी_मनी: नवऱ्याच्या नोकरीमुळे बव्हेरियातल्या कोबुर्गला राहायला आलोय. इथे रस्त्यातल्या गटारांच्या झाकणांवरसुद्धा एका आफ्रिकी माणसाचं डोकं, कानात डूल. शहराचं मानचिन्हच ते, पिवळ्या ढालीवर. लेक विचारते, हे गुलाम होते का? काय सांगू?

नाना_न्यूर्नबर्गकर: गुलाम कसले, संत आहेत ते! सेंट मॉरिस, कोबुर्गचं ग्रामदैवतच म्हणा ना. बाजारचौकाजवळचं मॉरित्स चर्च त्यांचंच. १५३० साली मार्टिन ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यात मुक्कामाला होता, तेव्हा त्याने या चर्चमध्ये प्रवचनंही दिली.

आख्यायिका अशी: मॉरिस रोमन सैन्यातल्या, इजिप्तमधून आलेल्या थीबन पलटणीचा सेनानी. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आजच्या स्वित्झर्लंडमध्ये पलटणीसकट मारला गेला. आधी त्याला गोराच दाखवत. साधारण १२४० च्या सुमारास माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये चिलखत घातलेला काळा मॉरिस घडवला गेला, आणि मग जर्मनीत तेच रूप रुजलं.

लेकीला पुढचं मात्र आवर्जून सांगा. १९२९ साली नगरपालिकेत नात्सींना बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं शहर कोबुर्गच. काळा संत त्यांना कसा चालेल? १९३४ मध्ये त्याला हटवून तलवार आणली, मुठीवर स्वस्तिक. १९४५ मध्ये मॉरिस परत.

पुणेरी_पगडी: पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या चिन्हातही असंच डोकं होतं. तेही मॉरिसच का?

नाना_न्यूर्नबर्गकर: ते बव्हेरियातल्याच फ्रायझिंग धर्मप्रांताचं चिन्ह; ते डोकं कोणाचं, हे नक्की ठाऊक नाही. त्याच्या डोक्यावर मुकुट असतो, कोबुर्गकराच्या कानात डूल. सरमिसळ नको.

भटकी_मनी: धन्यवाद नाना! पण मग हे चिन्ह बदला म्हणून मोहीम कशाला निघाली होती?

नाना_न्यूर्नबर्गकर: २०२० ची ना? त्यांचा राग संतावर नव्हता, चित्रावर होता. जाड ओठ, डूल, सगळा ठरीव साचा. विरोधकांनी लगेच उलट मोहीम काढली, चिन्ह आहे तसंच राहिलं. माझं म्हणाल तर मॉरिसला हलवू नये, नात्सींनी तेच केलं होतं. पण चेहरा नव्याने काढायला काय हरकत आहे? माग्डेबुर्गचा मूर्तिकार आठशे वर्षांपूर्वी खराखुरा माणूस घडवू शकला. जमेल तेव्हा लेकीला तिथे न्या, मग झाकणावरचं चित्र पुन्हा बघायला सांगा.